नंबर बदलला, प्रोसेसर तोच : वाचकांचे प्रश्न

वनप्लसच्या ‘नॉर्ड सीई लाइट’ मालिकेवर या वेळी एकगठ्ठा पत्रं आली. सीई २ लाइट एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आला आणि अनेकांच्या हातातला तो पहिला ५जी फोन ठरला. एप्रिल २०२३ मध्ये सीई ३ लाइट आला, जून २०२४ मध्ये सीई ४ लाइट. तिघांचीही सुरुवातीची किंमत १९,९९९ रुपयेच. आता कापसा-सोयाबीनचा पैसा हातात यायच्या वेळेला ‘नवा घेऊ का’ हा प्रश्न साहजिक आहे.

प्रश्न : माझ्याकडे सीई २ लाइट आहे, ६ जीबी रॅमवाला. चालते बरा, पण अडकते. पोरगं म्हणते सरळ चार घ्या, दोन नंबरानं पुढं आहे तर दुप्पट तरी पळेल. दुकानदार काही नीट सांगत नाही. काय करावं? (ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : दुप्पट पळणार नाही, कारण आतला प्रोसेसर, म्हणजे फोन चालवणारी मुख्य चिप, एकच आहे. सीई २, सीई ३ आणि सीई ४ या तिन्ही लाइटमध्ये क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ६९५ बसवलेला आहे. ही चिप २०२१ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. तिन्ही फोनमधली साठवणही यूएफएस २.२ याच प्रकारची. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप उघडणं, यूपीआयचा स्कॅनर सुरू होणं, यूट्यूब लागणं यात तुम्हाला ‘दोन नंबरांचा’ फरक जाणवायचा नाही. रॅम ६ ऐवजी ८ जीबी मिळते, तेवढ्यानं मागे उघडी ठेवलेली अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाहीत. फायदा एवढाच.

चिप वाईट आहे असं मात्र समजू नका. ती फार तापत नाही, बॅटरी जपून वापरते, आणि आपल्याकडच्या उन्हात हे गुण लहान नाहीत. तिची मर्यादा दोन ठिकाणी दिसते : भारी गेम, आणि व्हिडिओ. ४के व्हिडिओ या चिपवर निघतच नाही, फुल एचडीवर थांबतो. २०२४ मध्ये वीस हजारांना हीच चिप तिसऱ्यांदा विकणं हा कंपनीचा कंजूषपणा आहे, आणि तो गिऱ्हाइकानं बोलून दाखवायला हरकत नाही.

तुमचा फोन अडकण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून पाहा. १२८ पैकी ११५-१२० जीबी भरलेले असतील तर फोन अडकणारच. साठवण काठोकाठ भरली की नवीन काही लिहायला रिकामी जागा जुळवण्यातच तिचा वेळ जातो. निदान १५ ते २० टक्के जागा मोकळी हवी. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जा, ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. तिथे कोणत्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते मोठ्याकडून लहानाकडे दिसतं. गावाचा ग्रुप, भजनी मंडळ, कृषी सेवा केंद्राचा ग्रुप यांचे व्हिडिओ काढून टाकले तरी २०-३० जीबी सुटल्याचं पुष्कळदा दिसतं. मग तिथेच ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’मध्ये व्हिडिओ बंद करून ठेवा, नाहीतर महिनाभरात पुन्हा तेच.

एवढं करूनही अडकत असेल तर फोटोंची प्रत दुसरीकडे घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. रीसेटआधी गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो ना, याची खात्री करा. तो नसेल तर रीसेटनंतर फोन तुम्हालाच आत घेत नाही.

बदलायचं खरं कारण अपडेट हे आहे. सीई २ लाइट अँड्रॉइड १२ घेऊन आला होता, त्याला दोन मोठी अपडेट कबूल होती, म्हणजे अँड्रॉइड १४ वर त्याचा प्रवास संपला. सुरक्षा अपडेट तीन वर्षांची. सीई ४ लाइट अँड्रॉइड १४ वर आला, तोही दोन मोठ्या अपडेटचा धनी. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर लगेच बंद पडत नाहीत, चार-पाच वर्षं सहज चालतात. पण सुरक्षा अपडेट थांबलेल्या फोनवर पीक कर्जाचं खातं चालवायचं असेल तर अनोळखी लिंकवरून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) एकदाही उघडायची नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लग्नपत्रिकेच्या नावानं येणाऱ्या फाइली याच असतात.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत दुपारी फोनचा स्क्रीन काळाठिक्कर दिसतो. हात आडवा धरून पाहावं लागतं. नव्या फोनमध्ये हे सुधारलं आहे का? (ता. वरूड, जि. अमरावती)

उत्तर : हो, आणि आमच्या मते सीई ४ लाइट घेण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. सीई २ आणि सीई ३ या दोन्ही लाइटचा पडदा एलसीडी आहे. सीई ३ ची चमक जास्तीत जास्त ६८० निट (निट हे चमक मोजायचं एकक). सीई ४ मध्ये पहिल्यांदा अ‍ॅमोलेड पडदा दिला आहे आणि उन्हात तो १२०० निटपर्यंत जातो. जाहिरातीत २१०० चा आकडाही सापडेल. तो पडद्याच्या लहानशा भागापुरता असतो, त्यावर जाऊ नका. १२०० हा आकडा धरा. ई-पीक पाहणीत गट नंबर वाचणं, खताच्या पिशवीवरचा क्यूआर स्कॅन करणं, बांधावरून व्हिडिओ कॉलवर झाडाचं पान दाखवणं, ही कामं त्यामुळे सावली न शोधता होतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. ही वाढीव चमक ‘ऑटो ब्राइटनेस’ चालू असेल तरच मिळते. हातानं पट्टी पूर्ण सरकवली तरी पडदा त्या पातळीला जात नाही, आणि बरेच जण बॅटरी वाचवायला ऑटो बंद करून ठेवतात. दुसरं, फोन तापला की तो स्वतःच चमक उतरवतो. एप्रिल-मेमध्ये खिशातून काढलेला फोन पाच-दहा मिनिटं उन्हात धरला की अ‍ॅमोलेडही मंदावतो. तो बिघाड नाही, आतल्या भागांचं संरक्षण आहे. अशा वेळी फोन सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये किंवा माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवू नका, आत वाफ धरते.

ध्रुवीकृत (पोलराइज्ड) काचेचा चष्मा घालणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. काही पडदे एका कोनातून काळपट दिसतात. फोन आडवा करून पाहा, लगेच कळेल. आणि अ‍ॅमोलेड फुटला तर बदलायचा खर्च एलसीडीपेक्षा बराच जास्त येतो. घेतानाच दुकानात किंवा सेवा केंद्राला फोन करून मूळ पडद्याची किंमत विचारून ठेवा. ती ऐकल्यावर तीनशे रुपयांचं जाड कव्हर महाग वाटत नाही.

प्रश्न : सीई ३ लाइट वापरतो, दीड वर्ष झालं. ४ घेऊ का? (हिवरखेड, जि. अकोला)

उत्तर : नको. चिप तीच, चार्जिंग आधीच ६७ वॅटचं, दोन स्पीकर आहेत, रॅम ८ जीबी आहे. पडदा आणि कॅमेरा सोडला तर हाती काही पडायचं नाही. आणखी दोन हंगाम काढा.

प्रश्न : मी कृषिमित्र म्हणून काम करतो. बोंडअळीचे, पानावरच्या तुडतुड्यांचे फोटो कृषी सहायकांना पाठवावे लागतात. सीई ३ मध्ये १०८ मेगापिक्सेल आणि मॅक्रो कॅमेरा आहे, सीई ४ मध्ये फक्त ५० आणि मॅक्रो नाही. मग जुनाच घ्यावा का? (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : आकड्यानं तुमच्यासारख्या पुष्कळांना फसवलं आहे. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या वापरात नऊ-नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० चा कॅमेरा चार-चार बिंदू जोडतो, तोही साडेबारावर येतो. सीई ३ मधला सेन्सर आकारानं थोडा मोठा आहे, हे खरं. भर दुपारी, फोन स्थिर धरून काढलेल्या फोटोत दोघांत डावं-उजवं करणं अवघड आहे.

फरक पडतो तो ओआयएसमुळे. सीई ४ च्या मुख्य कॅमेऱ्यात सोनीचा एलवायटी-६०० सेन्सर आहे आणि त्याच्या भिंगाला हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा आहे. सीई २ आणि ३ मध्ये ती नाही. एका हातानं फांदी वाकवून धरली आहे, दुसऱ्या हातात फोन, वरून वारा, अशा वेळी ओआयएस नसलेला फोटो हमखास पुसट येतो. संध्याकाळी, कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग मोजताना तर हा फरक फारच दिसतो. मात्र ओआयएस तुमचा हात सावरतं, हलणारं पान नाही. फांदी धरूनच ठेवावी लागेल.

सीई ३ मधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा केवळ डब्यावर छापण्यापुरता आहे. त्याला ऑटोफोकस नाही, उजेड कमी पडतो आणि अळीच्या अंगावरचा गुलाबी पट्टा त्यात धड गुलाबी दिसत नाही. कोणत्याही फोनवर करायची पद्धत अशी : मुख्य कॅमेराच ठेवा. बोंड चाकूनं उभं चिरा आणि तळहातावर किंवा वहीच्या पांढऱ्या पानावर ठेवा. फोन २० ते २५ सेंटिमीटर वर धरा, २एक्स झूम करा, अळीवर बोट टेकवा आणि फोकस होऊ द्या. फार जवळ गेलात तर भिंग फोकसच करत नाही आणि आपण कॅमेऱ्याला दोष देत बसतो. आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. बोंडाबाहेर पडलेला भुसा आणि ‘डोमकळी’ झालेलं, म्हणजे न उमलता गुंडाळून बंद राहिलेलं फूल यांचाही एकेक फोटो द्या, पाहणाऱ्याला अळीपेक्षा त्यावरून जास्त कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा एचडी निवडा. साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, तुडतुडे तर त्यात दिसतच नाहीत.

ई-पीक पाहणीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिथे मेगापिक्सेलपेक्षा लोकेशन महत्त्वाचं. अ‍ॅपला ‘प्रिसाइज लोकेशन’ची परवानगी दिलेली असावी. शेतात गेल्याबरोबर फोटो काढू नका. आधी मोकळ्या आभाळाखाली मिनिट-दोन मिनिटं लोकेशन चालू ठेवून थांबा. नेट नसेल तर उपग्रह सापडायला आणखी वेळ लागतो. दाट झाडाखाली किंवा टिनाच्या शेडमध्ये उभं राहून काढलेल्या फोटोचं ठिकाण शेजारच्या गटात जाऊन पडतं, मग अ‍ॅप अंतर जास्त असल्याचं सांगतं.

प्रश्न : आमच्या गावात एका कोपऱ्यातच रेंज येते. नवा ५जी फोन घेतला तर रेंज वाढेल काय? (ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर : नुसत्या ५जीनं नाही. ज्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ५जीचा खरा वेग मिळतो ती लहर लांब जात नाही, डोंगर-जंगलात तर नाहीच. दूर पोचते ती ७०० मेगाहर्ट्झची. २०२२ च्या लिलावात जिओनं ५जीसाठी हा पट्टा घेतला. फोनमध्ये त्याचं नाव एन२८. बीएसएनएलची ४जी सेवा ७०० आणि २,१०० वर आहे, म्हणजे फोनच्या भाषेत बी२८ आणि बी१. तेव्हा कोणताही फोन घेताना कंपनीच्या माहितीपत्रकात ५जीच्या यादीत एन२८ आणि ४जीच्या यादीत बी२८ आहे का, एवढं पाहा. जिओचं ५जी ‘स्टँडअलोन’ (एसए) प्रकारचं, म्हणजे ४जीच्या आधाराविना चालणारं आहे, त्यासाठी यादीत एसए असंही लिहिलेलं हवं.

घेण्याआधी एक परीक्षा करता येते. ज्याच्याकडे नवा फोन आहे त्याला घरी बोलवा. एकाच सिमवर, एकाच जागी उभं राहून दोन्ही फोनमध्ये ‘अबाउट डिव्हाइस’मधलं सिम स्टेटस उघडा. सिग्नल डीबीएममध्ये दिसेल. उणे ९५ च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११० म्हणजे कमजोर, उणे १२० ला कॉल तुटणारच. दोन फोनमध्ये तीन-चार आकड्यांचा फरक म्हणजे काहीच फरक नाही. दहा-बारा असेल तर विचार करा.

५जी मधूनच येतं-जातं अशा गावात फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी बसते. तिथे मोबाइल नेटवर्कमध्ये सिम निवडून ‘प्रिफर्ड नेटवर्क’ ४जीवर ठेवा. ग्रामपंचायतीत किंवा शेजारी फायबरचं वाय-फाय असेल तर ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा, रेंज नसतानाही साधा कॉल लागतो. आणि सीई ३, सीई ४ या दोन्हींत दोन सिम किंवा एक सिम अधिक मेमरी कार्ड अशीच सोय आहे. ज्या गावात दोन कंपन्यांची सिमं ठेवल्याशिवाय भागत नाही तिथे मेमरी कार्डाचा नाद सोडून आधीच २५६ जीबीचा फोन घेतलेला बरा.

प्रश्न : ८० वॅटच्या चार्जरनं बॅटरी लवकर मरते, असं ऐकलं. शिवाय आमच्याकडे लाइन सारखी जाते, व्होल्टेज कमी-जास्त होते. (ता. रिसोड, जि. वाशिम)

उत्तर : हिशेब करून पाहू. ८० वॅटचा चार्जर सीई ४ लाइटचा. त्याची ५,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण २१ वॅट-तास. फोन तासाभराच्या आत भरतो, म्हणजे सरासरी २५ वॅटच्या आसपासच जातात. ८० चा आकडा सुरुवातीच्या काही मिनिटांचा. बॅटरी भरत जाते तसा फोन प्रवाह उतरवत नेतो. बॅटरीला मारते ती उष्णता : खाटेवर गादीत दाबून चार्जिंगला लावणं, जाड कव्हरसकट लावणं, चार्जिंग चालू असताना रील पाहणं. टिनाच्या घरात दुपारी ४० च्या वर तापमान असताना लावू नका, पहाटे लावा. भारनियमनाच्या गावात जलद चार्जिंगचा उपयोगच आहे, लाइन वीस मिनिटं आली तरी दिवसाचं काम निभतं.

हा वेग डब्यातल्या किंवा कंपनीच्या त्याच प्रकारच्या चार्जरनं आणि त्याच्याच जाड केबलनं मिळतो. केबल हरवली आणि आठवडी बाजारातून शंभर रुपयांची आणली की चार्जिंग साध्या वेगावर येतं. ‘चार्जर खराब झाला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा केबल किंवा फोनच्या चार्जिंगच्या तोंडात साचलेला कापसाचा तंतू आणि धूळ निघते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं काढा. सुई घालू नका.

व्होल्टेजचं म्हणाल तर चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे दिवा मिणमिणत असला तरी फोन चार्ज होतो. धोका उलट बाजूनं आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सुटला तर घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं आणि चार्जर, टीव्ही, एलईडी दिवे सगळे एकदम जातात. एक बल्ब भगभगीत आणि दुसरा मंद दिसू लागला तर ताबडतोब मेन स्विच पाडा. वीज कडाडत असताना आणि लाइन गेल्यावर पिन काढून ठेवा, लाइन परत येतानाचा पहिला झटका वाईट असतो.

प्रश्न : मोटारसायकलच्या हँडलला स्टँड लावून त्यात फोन ठेवतो. नव्या फोनला काही होईल का? (ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : ओआयएसवाल्या फोनला होऊ शकतं. त्यातलं भिंग बारीक चुंबकांवर तरंगतं ठेवलेलं असतं आणि इंजिनची सततची थरथर त्याला मानवत नाही. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना याबद्दल उघड सूचना दिली होती, आणि यंत्रणा सगळ्यांची त्याच तत्त्वाची असते. कॅमेरा उघडल्यावर चित्र आपोआप थरथरू लागलं किंवा आतून बारीक खटखट येऊ लागली तर ओळखा. खिशात ठेवा, रस्ता कानातल्या आवाजावरून ऐका. तुमच्या भागात मे महिन्यात हँडलवरचा फोन तापून बंद पडतो ते निराळंच.

प्रश्न : आईसाठी वापरलेला सीई २ लाइट घ्यायचा आहे. काय तपासू? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : पैसे देण्याआधी फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश लावा. आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, दिसतील. केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. बिलावरचा नंबर तोच आहे का पाहा. विकणाऱ्याला त्याचं गुगल खातं तुमच्यासमोर काढायला सांगा आणि फोन सेटिंगमधून रीसेट करून पहिल्या पानापासून सुरू करून दाखवायला लावा. नंतर ‘पासवर्ड सांगतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मग पांढरा फोटो पूर्ण पडद्यावर लावून डाग, पिवळेपणा पाहा. कीबोर्ड उघडून प्रत्येक अक्षर दाबा. सिम घालून एक कॉल स्पीकरवर, एक कानाला लावून करा. यूट्यूबवर अर्धा तास व्हिडिओ चालवा. त्यात बॅटरी १० टक्क्यांहून जास्त उतरली किंवा २०-२५ वरून फोन एकदम बंद पडला तर बॅटरी बदलायची वेळ झाली आहे. मागचं झाकण कडेला उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, त्या फोनला हातही लावू नका. अपडेट संपल्याचं लक्षात ठेवून किंमत पाडून मागा.

प्रश्न : बोटाचा ठसा घेतच नाही. कापूस वेचून बोटं फाटली आहेत. (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : सीई ४ चा ठशाचा सेन्सर पडद्याखाली आहे आणि तो उजेडानं ठसा पाहतो. स्वस्त जाड टेम्पर्ड काच लावली की तो आणखी चाचपडतो. काच काढा किंवा पातळ लावा, लावल्यावर ठसे पुसून नव्यानं नोंदवा. अंगठा रात्री खोबरेल लावून नाही, तर दिवसा कामाच्या अवस्थेत नोंदवा, आणि तोच अंगठा दोनदा नोंदवा. सीई २ आणि ३ मध्ये हा सेन्सर बाजूच्या बटणात आहे. तिथे बटण कोरड्या फडक्यानं पुसलं की बरेचदा काम होतं. वेचणीचे दोन महिने सरळ सहा आकडी पिन वापरा.